विठ्ठलराव घरात आहेत

चोर चोरी कशी करतो याचा अभ्यास आपल्याकडे चोरी झाल्यावर सुरू होतो. परीक्षा उरकल्यावर पुस्तक आणायचं, त्यातलीच ती गत. सुखसाधना सोसायटीने मात्र त्या वर्षी दिवाळीच्या आधीच अभ्यासाला बसायचं ठरवलं. चेअरमन ठाकोरभाईंनी पोलीस चौकीतून एका फौजदारांना व्याख्यानाला बोलावलं, वर सगळ्यांसाठी लोचो, म्हणजे सुरतेचा तो वाफाळता, मऊ ढोकळा, मागवला, आणि सुरतेत गोडादऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या रो-हाऊसमधली बहुतेक मंडळी लोच्याच्या वासाने का होईना, चौकात येऊन बसली.

पहिल्या रांगेत, फौजदारांच्या बरोबर समोर, कुसुमताई भामरे होत्या. पालिकेच्या मराठी शाळेत सगळी नोकरी काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि बोलणाऱ्याकडे बघायची त्यांची रीत अशी होती की आपण गृहपाठ केलाय ना, हे बोलणारा मनातल्या मनात तपासू लागे.

"चोर तुमच्यापेक्षा मेहनती असतो," फौजदार म्हणाले. माणूस नवसारीकडचा, पण समोर निम्मे मराठी चेहरे बघून त्यांनी तीन भाषांची जी मिसळ केली होती ती कोणालाच पूर्ण कळत नव्हती आणि सगळ्यांना पुरेशी कळत होती. "तुम्ही घर एकदा बघता आणि विकत घेता. तो दहादा बघतो आणि एकदाच येतो. कधी भंगारवाला होऊन येतो, कधी भलत्याच माणसाचं नाव विचारत येतो. बाहेर कुलूप दिसलं की त्याला जाहिरात वाचल्याचा आनंद होतो. पायरीवर पेपर साचलेत का, दुधाच्या पिशव्या पडल्यात का, दिवाळीत रांगोळी नाही असं घर कोणतं, सगळं बघतो. मीटरचं चाक बघतो. चाक थांबलं म्हणजे पंखा बंद, पंखा बंद म्हणजे माणूस नाही. तरी शंका राहिली तर दाराच्या फटीत काडेपेटीची काडी खोचून जातो. दोन दिवसांनी काडी तिथेच असली, की समजायचं."

"एवढा अभ्यास आमच्या पोराने केला असता तर," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गावाला जाताय हे कोणालाही सांगू नका. चोराला खबर बाहेरून मिळत नाही. शेजारातूनच मिळते."

यावर सगळ्या शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि लोचो गार झाला.

व्याख्यान संपल्यावर लोक ते विसरून फटाक्यांच्या वर्गणीकडे वळले. व्याख्यान विसरण्यासाठीच असतं. कुसुमताईंनी मात्र ते शब्दन् शब्द पाठ केलं, कारण त्यांचं घर पणाला लागलं होतं.

पण लावला होता त्यांच्याच मुलाने. तुषार बोरिवलीला राहायचा. वडील गेल्यापासून तो दर रविवारी फोनवर एकच विषय काढायचा. "आई, एकटी बाई, खाली-वर घर, मागे कारखाने, वर्तमानपत्रात रोज चोरीची बातमी. विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे." कुसुमताई म्हणायच्या, "मला इथे काही होत नाही." एका रविवारी तो म्हणाला, "होत नाही कारण तू घर सोडून हलतच नाहीस. नाना गेल्यापासून एक रात्र तरी बाहेर काढलीस? मामा दर भाऊबीजेला बोलावतो, गेलीस? तू घर राखत नाहीयेस आई, घरानेच तुला डांबून ठेवलंय."

हे वाक्य त्यांना लागलं. त्यातून ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं, त्यामुळे जास्त लागलं.

"या भाऊबीजेला मी अमळनेरला जाणार," त्या म्हणाल्या.

"आणि मागे घर फुटलं तर?"

"फुटलं तर वीक. नाही फुटलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"कबूल," तुषार म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका खूश होता की कुसुमताईंना तो चोरांच्या बाजूने आहे की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

घराचा बंदोबस्त करायचा तर सल्ला लागतो, आणि सल्ला ही वस्तू सुखसाधना सोसायटीत पाण्यापेक्षा जास्त वेळ यायची. कुसुमताईंनी कोणाला काही विचारलं नव्हतं. भागळच्या बाजारातला कुलूपवाला पेटी घेऊन दारात बसलेला दिसला, तेवढं पुरलं. बँकेतले प्रमोद काळे ऑफिसला जाता जाता थांबले आणि 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावा म्हणाले. कुत्रा नसताना पाटी लावणं म्हणजे खोटं लिहिणं, असं कुसुमताईंनी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग कुत्रा पाळा." ठाकोरभाईंचं मत पडलं की पाटी लावायचीच तर गुजरातीत लावा, मराठी चोर आपल्या भागात येत नाहीत. यावर काळ्यांनी मराठी माणसाला कमी लेखल्याबद्दल निषेध नोंदवला, आणि चोऱ्यांमध्ये कोणत्या भाषेचा वाटा किती, यावर त्या दोघांचं जवळजवळ भांडण झालं. कुलूपवाला पाना हातात धरून निकालाची वाट बघत बसला.

कुलूपवाल्याने काम मात्र चोख केलं. आतून लोखंडी पत्रा, बाहेर जाळीचा दरवाजा, मागच्या दाराला आतून आडणा, गच्चीच्या दाराला दुसरा. पुढच्या दाराला असं कुलूप की ओढून घेतलं की आपलं आपण लागावं, बाहेर लटकणारं काही दिसू नये. आणि किल्लीचं भोक? ते त्याने 'वि. रा. भामरे' या पितळी पाटीच्या मागे दडवलं. पाटी एका स्क्रूवर बाजूला सरकायची. "बेन, आता मी स्वतः आलो तरी मला सापडायचं नाही," तो म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, यावर कुसुमताईंनी त्या रात्री बराच विचार केला.

खरी अडचण पुढेच होती. शेजारच्या ताराबेन चाळणी हातात घेऊन आल्या, जाळीतून सगळा बंदोबस्त बघितला आणि म्हणाल्या, "ए बधुं बरोबर. पण घरात पुरुष माणसाचा आवाज पाहिजे, कुसुमबेन. चोर बाईच्या आवाजाला भीत नाही."

हे त्यांनी कोणाला ऐकवावं? ज्या आवाजाला लिंबायतच्या शाळेतल्या पोरांच्या दोन पिढ्या चळाचळा कापल्या, ज्या आवाजाने एकदा शाळेच्या मैदानात शिरलेला सांड आपण होऊन फाटकाबाहेर गेला होता, त्या आवाजाला. ताराबेन गेल्यावर कुसुमताईंनी कपाट उघडलं.

कपाटात एक कॅसेट होती. फार वर्षांपूर्वी घरात पहिला टेपरेकॉर्डर आला, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, विठ्ठलरावांनी, त्याचा पहिला उपयोग दूधवाल्याविरुद्ध पुरावा गोळा करायला केला होता. टेप खिडकीत, पडद्याआड; दारात जीणाभाई दूधवाला; आणि मग एक भांडण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. विठ्ठलराव रेल्वेत गार्ड होते. इंजिनपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय होती. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत दाराला कुलपं घालून पळालं, तेव्हासुद्धा ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने "कुठे निघालात?" विचारत होते. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. ही कॅसेट वाजवायची नाही असं काही ठरलं नव्हतं. वाजवली नव्हती, एवढंच.

प्रदीप अहिरे हा कुसुमताईंचा जुना विद्यार्थी, आता पलसाण्याच्या एका डाइंग हाऊसमध्ये वायरमन. तो तिथल्या भंगारातून एक टाइम-स्विच घेऊन आला. दिवेलागणीला आपोआप चालू, तासाभराने बंद. त्याने त्या एका स्विचवर बाहेरच्या खोलीची ट्यूब, पंखा आणि तुषारने पाठवलेला टू-इन-वन असे तिन्ही जोडले. टू-इन-वन एक बाजू संपली की आपोआप दुसरीकडे वळणारा होता. दुसरी बाजू कोरी होती, आणि दोन्ही मिळून बरोबर तासभर.

"बाई, आवाज किती ठेवू?" प्रदीपने विचारलं.

प्रश्न साधा नव्हता. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची लांबच लांब शेड होती. दिवसरात्र खटाखट चालायची. तिथे राहणारी माणसं एकमेकांशी बोलताना जरा ओरडतात, हे त्यांना स्वतःला माहीत नसतं. पाहुण्याला वाटतं, घरात भांडणं आहेत. कुसुमताई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रदीपने बटण दाबलं, त्यांनी हात वर केला, तो वाढवत गेला. बटण शेवटाला टेकलं तेव्हा मागांच्या खटाखटीतून, लांबून, स्वच्छ ऐकू आलं: "हे दूध आहे की तापीचं पाणी?"

"पुरे," कुसुमताई म्हणाल्या. प्रदीपपर्यंत ते पोचलं नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या. टेप बंद झाल्यावर घरात आल्या.

आता उरलं दूध आणि पेपर. इथे फौजदारांच्या दोन नियमांची आपसात टक्कर होत होती. दूध-पेपर बंद करा, हा एक. कोणाला सांगू नका, हा दुसरा. न सांगता बंद कसं करणार? दुसरं कोणी असतं तर एखाद्या नियमाकडे डोळेझाक केली असती. पण ज्यांनी आयुष्यभर पोरांना 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक' असं सांगितलं, त्या कुसुमताईंना पर्याय नव्हता. त्यांनी पेपरवाल्याला सांगितलं की तुमच्या पेपरचं अक्षर बारीक झालंय. आणि जीणाभाईशी भांडण काढलं.

भांडणाचा विषय शोधावा लागला नाही, घरातच तयार होता. "जीणाभाई, दूध पातळ येतं. उद्यापासून येऊ नका."

जीणाभाई आता साठीला आला होता. त्याने किटली खाली ठेवली. "बेन, साहेब गेले त्यानंतर मी या घरात पातळ दूध दिलं नाही."

"मला वाद नको."

तो किटली उचलून गेला. कुसुमताईंना फार वाईट वाटलं, पण नियम पाळल्याचं समाधानही वाटलं. अशा वेळी माणसं समाधानाकडेच जास्त बघतात. ओट्यावर त्यांनी ऑइल पेंटने रांगोळी काढली, विठ्ठलरावांचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले, आणि पाडव्याला पहाटे, शेजारात कोणालाही न सांगता, उधन्याहून गाडीत बसल्या.

अमळनेरला भाऊ रामदासने त्यांना ओवाळणीत साडी दिली, वहिनीने पुरणाचे मांडे केले. कुसुमताईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी दिवे लागले की त्या बोलता बोलता थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता लागलं असेल."

"काय?"

"काही नाही."

रामदास हसायचा. "तुनं घर कोठे पयी जात नही वं, ताई. बठ."

पळून जात नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण या घडीला तिकडे बंद घरात ते बोलत असतील, आणि ऐकायला आपण नाही, हे मात्र त्यांनी निघताना धरलं नव्हतं. आठ दिवस राहायचं ठरवून आलेल्या कुसुमताई भाऊबीज होताच दुसऱ्या सकाळी परत निघाल्या.

गाडीला उशीर झाला. उधन्याहून रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा दिवे लागत होते. कुसुमताई उतरल्या, आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गल्ली ठार शांत होती. मग लक्षात आलं: दिवाळीत माग बंद असतात. कारागीर गावाला गेलेले, शेडला टाळं. वर्षातून हे चारच दिवस सुखसाधना सोसायटीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

आणि त्या शांततेत, साऱ्या सोसायटीवर, स्टेशनात गाडी यावी तसा आवाज आला: "हे दूध आहे की तापीचं पाणी?"

त्यांच्या घरासमोर निम्मी सोसायटी उभी होती. अग्निशमनचा बंब होता. एक पोलीस जीप होती. कुसुमताई पिशवी धरून गर्दीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हुं थयुं?" काय झालं म्हणून त्यांनी समोरच्या बाईला हळूच विचारलं.

"कुसुमबेन गेली बिचारी," ती मागे न बघता म्हणाली. "आत पडली असणार. पाडव्यापासून दार उघडत नाही. लाइट लागते, पंखा फिरतो, पडदा हलतो, पण हाक मारली तर ओ नाही. आणि रोज दिवाबत्तीला तिचा माणूस येऊन भांडतो."

"कोणाशी?"

"जीणाभाईशी."

स्वतःच्या मागे लोक काय बोलतात हे ऐकायची संधी फार थोड्यांना मिळते, आणि मिळाली तर ती सोडू नये. कुसुमताईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"बाई कडक होत्या, पण मनाने फार चांगल्या," काळे म्हणत होते. "मी म्हटलं होतं, कुत्रा पाळा."

"रांगोळी बघा," कोणीतरी म्हणालं. "तीन दिवस झाले, एक ठिपका हलला नाही. लोकांनी वरून पाय दिले. ही साधी गोष्ट नाही."

"टेप असेल," काळे म्हणाले.

"टेप?" ताराबेन उसळल्या. "सोळा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले. भाईचा आवाज मला नाही कळणार? आणि जीणाभाईचा आवाज पण येतो. तो तर जिवंत आहे."

तेवढ्यात बंद घरातून खरोखरच जीणाभाईचा आवाज आला, तरणाताठा: "साहेब, भेंसच पाणी जास्त पिते. तिला मी काय बोलू?"

सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. म्हातारा जीणाभाई ओट्याच्या पायरीशी उभा होता. हातात झाकलेलं भांडं. नव्या वर्षाची बळी, म्हणजे आपला खरवस, करून तो समेट करायला आला होता. तो पांढराफटक पडला.

"भेंसचं नाव सांगू नकोस," विठ्ठलराव आतून गरजले. "पाणी तू घालतोस. खरं बोल."

"घालत होतो, साहेब," जीणाभाई म्हणाला. आता हा आवाज बाहेरून होता. "तेव्हा घालत होतो. शेरामागे एक लोटा. सगळ्यांनाच घालत होतो."

"सगळ्यांना?" ठाकोरभाई म्हणाले.

"तुम्हाला दोन."

गर्दीत कुजबुज झाली. मयताच्या ठिकाणी असले विषय काढू नयेत, म्हणून ठाकोरभाईंनी तूर्त स्वतःला आवरलं आणि ते बंबवाल्यांकडे वळले. "तमे हुं करो छो? अर्धा तास झाला."

बंबवाले घामाघूम झाले होते. जाळीचा दरवाजा त्यांनी कसाबसा वाकवला होता, पण आतल्या दाराला पहार लागत नव्हती. "साहेब, याला किल्लीचं भोकच नाही," एक जण फौजदारांना म्हणाला. व्याख्यान देणारे तेच फौजदार. "मागून गेलो, मागे आडणा. वरून गेलो, वर आडणा. हे घर आहे की तिजोरी?"

गर्दीच्या मागे एका बाईची मान पदराआड जरा ताठ झाली.

"दार तोडायचं तर भिंतच काढावी लागेल," फौजदार म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी नाराजी, थोडा आदर होता. "कोणी केलं हे काम?"

"माझ्या आईने," रडवेला आवाज आला. कुसुमताईंनी तेव्हा पाहिलं: दाराला कपाळ टेकून तुषार उभा होता. ताराबेनने फोनवर दिवा-पंखा चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा आई अमळनेरला निघालीच नाही असं त्याने धरलं; मामाचा फोन लागेना, आणि तो मिळेल त्या गाडीने आला होता. शर्टाची बटणं वर-खाली लागली होती. कुसुमताई गर्दीतून वाट काढू लागल्या.

त्याच वेळी आतलं भांडण संपलं. दार आपटल्याचा आवाज, किटलीचा आवाज, मग नुसती खरखर. माग चालू असते तर इथेच सगळं संपलं असं वाटलं असतं; आधीच्या दोन संध्याकाळी लोकही इथेच घाबरून पांगले होते. आज गर्दी उभी होती, आणि मागे शांतता होती. खरखरीतून तोच आवाज आला, पण घरातला, गार्डाचा नव्हे.

"कुसुम, जास्त बोललो का गं मी त्याला?"

बंबवाल्याने पहार खाली ठेवली.

"म्हातारी आई आहे त्याची घरी. उद्या आला की चहा दे. मी दिला असं नको सांगू." मग टेपच्या अगदी जवळून: "हे चालूच राहिलं वाटतं. बंद कसं करतात हे?" आणि खट्.

जीणाभाई पायरीवर बसला होता. भांडं मांडीवर. "दिला होता," तो कोणाला उद्देशून नाही असा म्हणाला. "बेनने चहा दिला होता."

तुषारचं डोकं दारावरच होतं. "आई," तो म्हणाला, "नाही विकत घर. तुला कुठे जायला नको. तू म्हणशील तसं, सगळ्यांसमोर सांगतो. फक्त दार उघड."

"उघडते," कुसुमताई म्हणाल्या. "जरा बाजूला हो."

पुढचा थोडा वेळ कसा गेला हे नीट सांगणं कठीण आहे. बंबावरचा एक जवान खाली पडला. ताराबेनने "जय अंबे" म्हटलं आणि काळ्यांचा हात धरला, जो एरवी त्यांनी धरला नसता. समोरची बाई मागे वळून कुसुमताईंकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हीच विचारत होता ना, हुं थयुं?" तुषारने आईला धरलं ते सोडायलाच तयार होईना.

"मी अमळनेरला गेले होते," कुसुमताईंनी त्याच्या खांद्यावरून फौजदारांना सांगितलं. "तुम्ही म्हणालात, शेजारात कोणाला सांगू नका. नाही सांगितलं."

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या इतक्या वर्षांच्या व्याख्यानांचा हा पहिलाच असा विद्यार्थी होता.

कुसुमताई दारापाशी गेल्या. विठ्ठलरावांच्या नावाची पितळी पाटी त्यांनी बोटाने अलगद सरकवली, किल्ली फिरवली, आणि दार उघडलं. फटीतून काडेपेटीची एक काडी खाली पडली.

फौजदारांनी वाकून ती उचलली. मग बॅटरी घेऊन घरामागे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक लोखंडी पहार होती, आणि एक चप्पल. एकच.

"आले होते," ते म्हणाले. "मागच्या गल्लीत तीन घरं फुटली या दिवाळीत. चौथं हे असणार होतं. आडण्यापर्यंत पोचले होते." त्यांनी चप्पल उलटसुलट बघितली. "घाईत गेलेत. कोणीतरी आतून दरडावलं असणार, खरं बोल."

गर्दीने हे ऐकलं. आधी कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कुसुमताईंना आयुष्यात एकदाच टाळ्या मिळाल्या होत्या, निरोपसमारंभात, आणि त्यासुद्धा हेडमास्तरांनी खूण केल्यावर. आता त्या ओट्यावर, ऑइल पेंटच्या रांगोळीत उभ्या राहिल्या, आणि टाळ्या आपल्याच आहेत अशा सहजतेने त्यांनी त्या घेतल्या. मग त्या वाकल्या. "जीणाभाई, वर या. चहा टाकते."

"बेन, दूध?"

"तुमचं आहे ना घरी? आणा. पाणी मी घालेन, चहापुरतं."

त्या रात्री त्या घरात जो आला त्याला चहा मिळाला, आणि बळीचा तुकडा. ठाकोरभाईंनी घोषणा केली की पुढच्या वर्षीचं व्याख्यान कुसुमबेन देतील. फौजदार म्हणाले, मी ऐकायला येईन. काळ्यांनी सर्वांना पटवून दिलं की टेप असेल असं आपण आधीच म्हटलं होतं. ते खरं होतं, पण कोणालाच आठवेना. ताराबेन टू-इन-वनसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि जाताना त्याला हलकेच नमस्कार करून गेल्या.

सकाळी तुषार आवरून बसला. बाहेरून किटलीचा आवाज आला. जीणाभाईने माप भरून वर धार ओतली. तुषारने दुसरा कप घेतला आणि चमच्याने साय बाजूला सारली.

"आई, त्या गिऱ्हाइकाला..."

"हं."

"नाही म्हणून कळवतो."

"कळव."

"नाही, म्हणजे तो विचारेल का म्हणून."

"मग सांग, नानांना विचारलं, ते नको म्हणाले."

तुषार हसला, आणि हसता हसता त्याने खिडकीबाहेर पाहिलं. कुसुमताईंनी त्याला डोळे पुसायला वेळ दिला. डबा बांधला, चिवड्याची पिशवी वर ठेवली. तो पाया पडून दारापर्यंत गेला आणि सवयीने कुलूप शोधू लागला.

"शोधू नकोस," कुसुमताई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. "नुसतं ओढून घे. आपलं आपण लागतं."